साडूभाऊ, गाडी जड झाली खरी

साडूभाऊ,

पंधरवडा तुमचा होता. गाडी तुमच्या दारात उभी, किल्ली तुमच्या दवाखान्यातल्या खुंटीला, आणि दोन आठवड्यांनी रविवारी ती मूर्तिजापूरला आणून माझ्या हातात द्यायची, असं ठरलेलं. तुम्ही एका दुपारी एका पेशंटला "आ करा" म्हणालात, तो बिचारा आ करून बसला, आणि तुम्ही शेजारच्या स्टुलावर टेकलात ते उठलाच नाहीत. मी पेशानं वकील. आपल्या इतक्या वर्षांच्या करारात हे कुठंच बसत नाही. पंधरवडा लागून एक दिवस होतो न होतो तोच, नोटीस न देता निघून जाणं ही तुमची रीत नव्हती. समोर असतात तर मी हेच ऐकवलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, "वकीलसायेब, तुमाले भांडाले बहाणाच पायजे."

पायजेच होता. बहाणे पुरवणारा माणूस गेला म्हणून तर हे लिहायला बसलो आहे. कोर्टात रोज भांडतो, पण ते पोटासाठी. हौसेनं भांडायला मला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे आपण. थोरलीचे तुम्ही, अकोल्याच्या जुन्या शहरात दातांचे डॉक्टर. धाकटीचा मी, अमरावतीच्या कोर्टात काळा कोट घालणारा. सासुरवाडी भातकुलीची. एका पंगतीला, एका मानाच्या पाटावर बसणारे दोघे, त्यामुळे कोणी कोणाचं ऐकायचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तुम्ही माझे दात बघून म्हणाला होतात, "बोलून बोलून झिजले वाटते." त्याच क्षणी मला कळलं, हा माणूस आपल्याला पुरणार.

मग गाडी आली. जिनिंग फॅक्टरीचा एक मॅनेजर वऱ्हाड सोडून चालला होता आणि त्याची काळी, चार दारांची विलायती मोटार विकायला होती. एकट्याला तुम्हाला झेपत नव्हती, एकट्याला मला झेपत नव्हती. सासऱ्यांच्या ओट्यावर बसून आपण ती अर्धी अर्धी घ्यायचं ठरवलं, तेव्हा साऱ्या भातकुलीला हसू फुटलं. "पुढची अर्धी कोनाची न् मागची कोनाची?" असं लोक विचारायचे. तेव्हा आपणही हसलो. हा प्रश्न आपल्याला पुढं कुठं नेऊन उभा करणार आहे, ते तेव्हा माहीत नव्हतं. पुढं राज्यं बदलली. मध्य प्रदेशात घेतलेली गाडी मुंबई राज्यात आली, मग महाराष्ट्रात आली. तीन राज्यांत चालली आणि वऱ्हाडाबाहेर मात्र एकदाही गेली नाही.

पंधरा दिवस अकोल्यात, पंधरा दिवस अमरावतीत. आणि सोपवायची ती मधोमध, मूर्तिजापूर स्टेशनवर. एकानं गाडी घेऊन यायचं, दुसऱ्यानं पॅसेंजरनं उतरायचं. त्या बाहेरच्या चहावाल्याच्या बाकावर चहा व्हायचा, आणि मग तुमची तपासणी. तुम्ही खिशातून तो लांब दांडीचा छोटा गोल आरसा काढायचात, ज्यानं लोकांच्या दाढा बघायचात, आणि उकिडवे बसून चारही टायर आतून-बाहेरून बघायचात. स्टेशनवरचे हमाल गोळा व्हायचे. "मागचा डावा आतून खाल्ला तुमी. खड्डे पाहून हळू नाई होत काय?" मी म्हणायचो, "खड्डे अकोल्यातच आहेत, अमरावतीत रस्ते सपाट आहेत." हे धडधडीत खोटं होतं. पण पुरावा तुमच्याकडेही नव्हता.

तुम्हाला गाडी कशी आवडायची ते मी कधी विसरणार नाही. तुम्हाला ती झिजलेल्या टायरांवर आवडायची. रस्त्यावरून चालतानासुद्धा तुम्ही पाय ओढत कधी चालला नाहीत, तसंच गाडीचं. "पाय ठेवला का निघाली पायजे, बापा." टायर गुळगुळीत झाले की गाडी हलकी होते, झटक्यात उचल घेते, स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, हा तुमचा सिद्धांत. अकोल्यातल्या मोर्णा नदीच्या पुलावर चढताना तुम्ही ती अशी उचलायचात की मागं बसलेल्या कमलचं, माझ्या बायकोचं, डोकं सीटला आपटायचं. अक्का, तुमच्या सौभाग्यवती, पुढं तुमच्या शेजारी बसायच्या. एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातानं पदर, आणि तोंडानं एकच शब्द, "हळू." तो शब्द तुम्ही ऐकलाय असं मला कधी आठवत नाही.

पण झिजायलाही हद्द असते. एका उन्हाळ्यात टायरांतून आतलं कापड दिसायला लागलं. तेव्हा टायर मिळणं म्हणजे सहज गोष्ट नव्हती. दुकानदाराकडे नाव सांगून ठेवायचं आणि वाट बघायची. दसऱ्याच्या तोंडावर कशीबशी एक जोडी आली. दोन टायर, आणि चाकं चार. तिथं आपलं खरं भांडण सुरू झालं.

जुन्या शहरातल्या रहीमभाईंच्या दुकानात, जिथं तुम्ही कायम टायर बदलायचात, आपण भर दुपारी उभे होतो. मी म्हटलं, जोर मागच्या चाकांवर येतो, इंजिन त्यांनाच फिरवतं, तेव्हा नवे मागं लावा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी भुलीशिवाय दात काढायला सांगितला.

"वकीलसायेब, समोरचे दात लोकाइले दिसते. माणूस नवे दात बसवते तं समोरचे बसवते. दसऱ्याले गाडीची पूजा होईन, हार समोर घालतीन, लिंबू समोरच्या चाकाखाली ठेवतीन. न् नवे टायर मागं लपवू?"

"पण चावायचं काम दाढांचंच असते नं?" मी म्हटलं.

"ते जेवताना. फोटो काढताना नाई."

रहीमभाईंना आपण दोघांनी पंच केलं. त्यांना तुमचं गिऱ्हाईकही सांभाळायचं होतं आणि मी पाजलेला चहाही ते पीत होते. "साब, आपकी बात सच है," ते तुम्हाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "और वकीलसाब, आपकी भी." एवढं बोलून त्यांनी टायर पुढं लावले, कारण तुम्ही तिथं उभे राहून बोट दाखवत होतात.

दसरा झाला, हार झाला, लिंबं चिरडली. अकोल्यातल्या अर्ध्या गल्लीनं नवे टायर पाहिले. तुम्ही खूश. मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आम्ही दोघं तुमच्याकडे, आणि भाऊबीजेला चौघं मिळून भातकुलीला, असा बेत. आदल्या दिवशी कुठूनशी एक अवकाळी सर येऊन गेली होती. कपाशीच्या बैलगाड्या शेतातून सडकेवर चढतात, तिथं त्यांच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून पसरली होती. आपल्या मातीचं तुम्हाला काय सांगायचं. कोरडी असली तर दगड, ओली असली तर लोणी.

बोरगाव मंजू मागं पडलं. समोर एक बैलगाडी. तुम्ही ती ओलांडायला बाजूला घेतलीत आणि नेहमीसारखा पाय दाबलात. पुढच्या नव्या टायरांनी रस्ता घट्ट धरला. मागच्या गुळगुळीत जोडीनं मात्र आपला वेगळा मार्ग पत्करला. मला एवढंच आठवतं की खिडकीतून आधी बैल दिसले, मग तुरीचं शेत दिसलं, मग पुन्हा बैल दिसले, पण या वेळी समोरून. गाडी अर्धी गिरकी घेऊन अकोल्याकडे तोंड करून उभी राहिली, मागची चाकं तुरीत. कोणाला खरचटलंही नाही. बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले, शांतपणे आपल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून भाऊ, अकोल्याले काई राह्यलं काय?"

मला हसू आलं. तुम्हालाही आलं, मी पाहिलं. अक्कांना नाही आलं. त्यांनी दार उघडलं, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, चिखलातून तरातरा चालत गेल्या आणि त्या बैलगाडीत जाऊन बसल्या. "मले काटेपूर्ण्याच्या टेसनावर सोडा," त्या गाडीवानाला म्हणाल्या. मग तुमच्याकडे न बघता आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या गाडीत मी आता पाय नाई ठेवत."

तुम्ही म्हणालात, "हो, हो, चढशीन उद्या." आणि चूक झाली ती इथं. तुरीत रुतण्याची चूक तर गाडी ढकलून निस्तरली. तुम्ही पाय दाबायचात, मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, आणि सगळा चिखल माझ्या दिवाळीच्या नव्या कोटावर. मी मागून ओरडलो, "डॉक्टर, दाढा नाहीत म्हणून घास उतरत नाही!" तुम्ही खिडकीतून डोकं काढून म्हणालात, "ढकला मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गुपचूप रहीमभाईंकडे जाऊन नवी जोडी मागं घेतलीत. मला सांगितलं नाहीत. मूर्तिजापूरला मी वाकून पाहिलं तेव्हा कळलं. मी तुमचा आरसा मागून घेतला आणि मागचा टायर हवा त्यापेक्षा जास्त वेळ न्याहाळला. तुम्ही चहात बघत बसलात.

पण अक्का काही गाडीत चढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या महिन्यात नाही, दुसऱ्या वर्षीसुद्धा नाही. भातकुलीला यायचं तर त्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायच्या. तुम्ही गाडी घेऊन बडनेऱ्याला हजर. त्या तुमच्याकडे पिशवी द्यायच्या, आणि स्वतः टांग्यात बसायच्या. मग सगळ्या रस्त्यानं ही वरात. पुढं टांगा, मागं आपली काळी मोटार, पहिल्या गिअरमध्ये, टांग्याच्या चालीनं, आणि तुमच्या शेजारच्या सीटवर अक्कांची पिशवी. मोर्णेचा पूल उडत ओलांडणारा माणूस घोड्याच्या शेपटीमागून गाडी चालवतोय, हे मी पाहिलं आहे. कमल आणि मी हसून हसून बेजार व्हायचो. तुम्ही हसायचा नाहीत. ती पिशवी तुम्ही सीटवरून कधी मागं टाकली नाहीत, हेही मी पाहिलं आहे.

गेल्या वर्षी मग तुम्ही ते केलंत. दुकानदाराकडे पुन्हा नाव सांगून ठेवलं होतं, आणि या खेपेला चारही टायर एकदम घेतलेत. मूर्तिजापूरला गाडी आणलीत तेव्हा ती बोटभर उंच दिसत होती. रबराचा नवा वास येत होता, खाचा अशा खोल की तुमचा आरसा आत रुतला असता. मी म्हटलं, "वा, डॉक्टर! नवी बत्तीशी!"

"तुमच्या कटकटीनं बसवले," तुम्ही म्हणालात. "आता चालवून पाहा. वाट लागली गाडीची."

मी चालवली. खरं सांगतो, साडूभाऊ, ते मला पहिल्याच फर्लांगात कळलं होतं. पाय ठेवला की ती पूर्वी निघायची, आता विचार करून निघत होती. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला दोन्ही हात लागत. वळणावर पहिले काही दिवस ती जराशी डुलायची, नव्या चपलेत पाय आत सरकतो तशी. इंजिनचा आवाजही खाली आला होता. पण वळण घेतलं की शेपूट जागेवर. ओल्या मातीवर पाय दाबला की भिरभिर नाही, सरळ पुढं. मी परत येऊन म्हटलं, "गाडी पहिल्यापेक्षा वेगवान झाली." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

बाकावरचं ते भांडण चहावाला अजून सांगतो. तुमचं म्हणणं, झिजलेलं चाक लहान असतं, इंजिनाला ते ढकलायला सोपं, म्हणून उचल जास्त. नवं चाक मोठं आणि जड, उचल गेली. पटवायला तुम्ही बाकावर एक रुपया आणि चहाची बशी शेजारी शेजारी कडेवर उभे करून घरंगळत सोडलेत. रुपया झटक्यात निघाला. बशी सावकाश निघाली, पण थांबलीच नाही, बाकावरून गेली आणि फुटली. "पाहा!" तुम्ही म्हणालात. "पाहा!" मीही म्हटलं. "पुढं कोण गेलं?" माझं म्हणणं, काट्यावर वेग कमी दिसतो तो चाक मोठं झाल्यामुळे. एका फेऱ्यात ते जास्त रस्ता कापतं, आणि चिखलात तर एक फेराही वाया जात नाही. चहावाला झाडू घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, आता कपानं नका दाखवू."

मग आपण परीक्षा घेतली. घड्याळं दोघांची होती, पण तुमचं पुढं आणि माझं मागं, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटायचं. म्हणून पंच म्हणून कमलला मागं बसवलं आणि तिच्या हातात संत्रं दिलं. उभ्या गाडीपासून निघायचं, पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत. तेवढ्यात तिनं संत्रं सोलून खायचं. जुने टायर अजून रहीमभाईंकडे पडले होते. तुम्ही खास एक दिवस ते परत चढवून आणलेत, काय हौस! जुन्यांवर दगड आला तेव्हा कमलच्या हातात बऱ्याच फोडी शिल्लक. नव्यांवर दगड यायच्या आत संत्रं संपलं आणि ती बोटं पुसत होती. सडक कोरडी ठणठणीत. तुम्ही जिंकलात. मी लगेच हरकत घेतली, दुसरं संत्रं लहान होतं. कमल म्हणाली, "लहान नव्हतं, गोड होतं." या साक्षीचा दोन्ही पक्षांना काही उपयोग झाला नाही. मी परीक्षा ओल्या सडकेवर पुन्हा घ्यायची मागणी केली. तुम्ही तारीख दिलीत, पुढचा पावसाळा. ती तारीख आता कोणापुढं पडायची?

पण त्या दिवशी मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला होता. "एवढी उचल गेली म्हणता, तर जुनेच राहू द्या. नवे विकून टाका." तुम्ही उठलात. रहीमभाईंकडे जाऊन चारही नवे पुन्हा चढवलेत.

हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणतो. गाडीची उचल तुम्हाला जिवापाड आवडायची, आणि ती तुम्ही आपल्या हातानं घालवलीत. शेजारची सीट भरावी म्हणून. बाकी सगळी तक्रार ही वरची रंगरंगोटी होती. कटकट माझी नव्हतीच.

त्यानंतर तुम्ही रोज सकाळी दवाखान्याआधी गाडी तेल्हाऱ्याच्या रस्त्याला काढायचात. मी विचारलं तर म्हणालात, "नवी कवळी बसाले वेळ लागते. बसवून राह्यलो." टायर जरा घासून मऊ झाले, गाडी रुळली, तरी तुमच्या फेऱ्या चालूच. परत येऊन दारात हॉर्न द्यायचात. अक्का ओट्यावर यायच्या, टायरांकडे बघायच्या, आणि आत जायच्या. तुम्ही गाडीत तसेच बसून राहायचात.

शेवटी कमल मध्ये पडली. अक्कांना म्हणाली, "चारही नवे बसवले त्याइनं तुयासाठी. बस नं आता." अक्का म्हणाल्या, "मंग त्याइच्या तोंडाले काय झालं? बस म्हनाव एक डाव. लगेच बसतो." मी तेच तुम्हाला मूर्तिजापूरला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिले काय डोळे नाईत? टायर दिसून नाई राह्यले?" जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या तोंडातून 'बस' एवढं निघेना. मी किती समजावलं! मला तर वाटायचं, आज ना उद्या होईल. घाई कोणाला होती?

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मी गाडी न्यायला किल्ली मागितली. रविवार होता, आणि करारही तोच. पाहुण्या बायका आत बसल्या होत्या. अक्का किल्ली घेऊन बाहेर आल्या, पण ती मला दिली नाही. कपाळ मोकळं, अंगावर साधं पातळ, हातात तीच पिशवी.

"वकीलसायेब, गाडी मूर्तिजापुरात सोपवाची रीत हाय नं?"

"हो, पण आता..."

"मंग तिथंच सोपवीन. हा पंधरवडा त्याइचा हाय."

आतून कोणी म्हणालं, इतक्यात बाहेर कशा जाता, लोक काय म्हणतील. अक्कांनी वळून सांगितलं, "लोकाइले टांग्यामागची मोटार पाहून झाली, आता हेई पाहू द्या." आणि त्या पायऱ्या उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या, पुढचं दार उघडलं आणि बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, आणि किल्ली चालवण्यापुरती माझ्याकडे दिली. तुमच्या सीटवर मी बसलो, साडूभाऊ, आणि क्षणभर मला किल्ली कुठं लावतात ते सुचेना. मला रडू आलं. अक्का समोर बघत होत्या.

मोर्णेचा पूल मी अगदी जपून ओलांडला. बोरगाव मागं पडलं. त्या तुरीच्या शेताशी आलो तशा त्या म्हणाल्या, "इथंच नं?"

"इथंच."

आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. काळी माती तशीच डांबरावर पसरलेली, आणि समोर एक बैलगाडी. मी वेग कमी केला. मागं मागंच राहावं म्हटलं, काय घाई आहे. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"दाबा नं जरा."

इतक्या वर्षांत या गाडीत त्या सीटवरून मी फक्त 'हळू' ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात दारावर नव्हता.

"दाबा. काय दाखवाचं होतं त्याइले, ते पाहू द्या."

मी गाडी बाजूला घेतली आणि पाय दाबला. ती विचार करून निघाली, तुम्ही म्हणायचात तशीच. मग मातीवर चढली, जरा गुरगुरली, आणि सरळ रेषेत, शेपूट तसूभरही न हलवता, बैलांच्या शेजारून निघून गेली. गाडीवान तोच होता का, आणि त्यानं ओळखलं का, देव जाणे.

काटेपूर्ण्याचं स्टेशन मागं पडलं तशा अक्का म्हणाल्या, "जड झाली वाटते."

"हो. उचल कमी झाली." मी म्हटलं. कोरड्यावर, ओल्यावर, कसलीही हरकत न घेता म्हटलं. तुम्ही नव्हतात तरी म्हटलं.

"जमिनीले धरून चालते आता," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले. "येवढं चांगलं केलं माणसानं. बस म्हनाले काय झालं होतं?"

मूर्तिजापूरला चहावाल्यानं त्यांना बघून बाक पुसून दिला. किल्ली त्यांनी माझ्याकडून परत घेतली, चहा घेतला. मग पिशवीत हात घालून तुमचा तो लांब दांडीचा आरसा काढला, आणि भर स्टेशनासमोर, हमालांच्या देखत, त्या उकिडव्या बसल्या. चारही टायर पाहिले. पुढचा डावा, पुढचा उजवा, मग मागं जाऊन दोन्ही दाढा. त्यांना त्यातलं काय कळलं ते मला माहीत नाही. पण घाई मुळीच केली नाही. उठून किल्ली माझ्या हातात ठेवली.

"घ्या. चारई चांगले हायेत. तसेच परत आना."

"परत?" मी विचारलं. अक्का, अर्धी गाडी तुमची, म्हणाल तसं करू, विकू, ठेवू, असं मी बोलायला लागलो होतो. वकिलाला शेवट बोलायची सवय असते.

"पंधरा दिवसानं. याच बाकावर." पॅसेंजरची घंटा झाली तशा त्या पिशवी उचलून निघाल्या. दोन पावलांवर थांबल्या. "चालवाले कोनीई भेटन, वकीलसायेब. बाजूले तं मी बसतोच."

तेव्हा साडूभाऊ, आपलं भांडण मी इथं मिटवतो. उचल कमी झाली, तुमचं खरं. आणि पंधरा दिवस भरतील त्या रविवारी मी गाडी परत नेतो आहे. चारही टायर तसेच ठेवून, सरळ त्या बाकाशी, आणि शेजारचं दार आधी उघडून ठेवून. पहिला शब्द मी बोलणार आहे, "बसा."